नऊ खिशांचं जाकीट

जाकिटाला नऊ खिसे असावेत, असं कोणत्याही शहाण्या शिंप्याच्या मनात येणार नाही. चार पुरे होतात. पाचवा हौसेचा. पण मास्तरांनी नऊ लावले, आणि तेही दोन दिवसांत, एका वकिलाच्या पँटचं काम बाजूला सारून. तो वकील पुढे आठवडाभर जुन्याच पँटमध्ये कोर्टात उभा राहिला आणि दोन खटले हरला. त्याचा या पँटशी काही संबंध होता असं म्हणता येणार नाही. तसं म्हणणं हा दोष क्रमांक चार झाला असता, आणि या गोष्टीत दोष क्रमांकांनी आधीच पुरेसं नुकसान केलेलं आहे.

शिंप्याला लोक मास्तर म्हणतातच. पण या मास्तरांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत अक्षर येत नव्हतं. टेपवरचे आकडे तेवढे येत. मापाच्या वहीत गिऱ्हाइकांच्या नावांच्या जागी चित्रं असत: एकाची मिशी, एकीची छत्री, एकाचं नुसतंच पोट. पोटवाल्या गिऱ्हाइकाने एकदा ती वही पाहिली. तेव्हापासून तो दुसरीकडे शिवतो. मग मास्तरांच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका रिकाम्या खोलीत, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला. मास्तर पहिल्या दिवशी 'बघू तरी' म्हणून गेले आणि तीन वर्षं जात राहिले. जिन्याखाली टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करणारी ताईही त्याच दिवशी आली. दोघं एका बाकावर बसत. तिला 'ळ' जमेना, तेव्हा मास्तरांनी कापडाच्या तुकड्यावर खडूने तो मोठा काढून दिला. मास्तरांना जोडाक्षरं जमेनात, ती तिने त्यांच्याकडून घोकून घेतली. एकूण हिशेब बरोबरीचा होता.

यंदा झालं असं की पहिल्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी घरात पळण्याचं यंत्र आणलं. ते दारातून आत आलं, पण बैठकीतून पुढे सरकेना. त्यांच्या बायकोने जाहीर केलं, "या घरात हे राहील, नाहीतर मी." विमावाल्यांनी यावर दोन दिवस विचार केला. ते दोन दिवस त्यांची बायको अजून विसरलेली नाही. मग त्यांनी सोसायटीकडे अर्ज दिला: तळमजल्यावरची खोली रहिवाशांच्या व्यायामासाठी मोकळी करावी. चिटणिसांनी सभेची नोटीस लावली. अकरा घरं, अकरा मतं, विषय एक.

खोली गेली की वर्ग गेला, हे उघड होतं. बाईंच्या स्वतःच्या घरी एकच खोली आणि तिच्यात त्यांचा अंथरुणाला खिळलेला भाऊ. वर्गात एकूण आठ जण. त्यांत इमारतीत घर असलेले एकटे मास्तर. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की वर्गाच्या वतीने मास्तरांनी बोलायचं. मास्तर 'नको, नको' म्हणाले. पण तोपर्यंत त्यांची मान ताठ झालेली होती.

बाईंनी त्यांना एक कागद दिला. "सभेत लोक बोलण्याच्या ओघात घोटाळे करतात," त्या म्हणाल्या. "याला तर्कदोष म्हणतात. ते ओळखता आले तर तुम्ही गोंधळणार नाही. नीट वाचा." कागदावर त्यांच्या गोल अक्षरात नऊ दोष, सोप्या नावांनी. मुद्दा सोडून माणसावर घसरणं. समोरचा जे बोललाच नाही त्याचं बुजगावणं करून त्यालाच झोडपणं. घसरगुंडी. चौथा, आधी घडलं म्हणून तेच कारण समजणं. शेवटचा, दोनच वाटा दाखवणं. असे.

मास्तरांनी तो कागद चार दिवसांत पाठ केला. आणि माणसाच्या हातात नवी कात्री आली की त्याला घरातल्या पडद्यांचीसुद्धा लांबी जास्त वाटू लागते, तसं झालं.

"भाजी संपवा, नाहीतर उद्या टाकावी लागेल," बायको म्हणाली.

"दोनच वाटा," मास्तर म्हणाले. "तिसरी आहे. फ्रिज."

"माझी आई सांगायची, शिळं—"

"मोठ्याचं नाव पुढे करणं. क्रमांक पाच."

"माझ्या आईला क्रमांक देताय?"

यानंतर दोन दिवस बायको बोलली नाही. मास्तरांनी मनात याची नोंद 'मुद्दे संपल्यामुळे माघार' अशी केली. तिसऱ्या दिवशी ती बोलली ती एवढंच: "अहो, हे सगळं कशाला? घरोघरी जा. आम्हाला खोली हवी आहे म्हणा. पाणी प्या, दोन गोष्टी ऐका आणि या."

"हे मागणं झालं."

"मग? हवी आहे ना?"

मास्तरांना हे उत्तर फारच अशास्त्रीय वाटलं.

शेजाऱ्यांचे सल्ले मात्र त्यांनी मनापासून घेतले. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "तोंडाने सांगू नका मास्तर. दाखवा. मी दात उपटून रोग्याच्या हातावर ठेवतो, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसतो." म्हणून मास्तरांनी जाड पुठ्ठ्याची नऊ कार्डं केली आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात एकेक दोष लिहिला. निवृत्त तिकीट तपासनीस म्हणाले, "कार्ड झटकन निघालं पाहिजे. चौतीस वर्षं बघितलंय मी. माणूस कितीही खरा असो, खिसे चाचपायला लागला की खोटा दिसतो." म्हणून नऊ खिसे. प्रत्येकावर आकडा भरलेला, लाल दोऱ्याने.

सभेच्या सकाळी मास्तरांनी मतं मोजली. विमावाले, दंतवैद्य आणि आणखी दोन घरं व्यायामाच्या बाजूची. उरलेली सात वर्गाची. त्यात तिकीट तपासनीस होते, तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी होत्या, आणि स्वतःचं घर तर होतंच. सात विरुद्ध चार. अशा वेळी माणसाने गप्प बसून घरी येणं सगळ्यात उत्तम. पण मग जाकिटाचं काय करायचं?

सभा त्याच खोलीत भरली. मास्तर पहिल्या रांगेत, मध्यभागी. बाई दाराशी. ताई इस्त्रीचं टेबल सोडून भिंतीला टेकून उभी.

विमावाले उभे राहिले. "आज वर्ग चालू ठेवला, उद्या शाळा होईल, परवा कॉलेज. मग आपल्याला स्वतःच्या घरात यायला प्रवेश अर्ज भरावा लागेल!"

मास्तरांचा हात तिसऱ्या खिशात गेला आणि कार्ड बाहेर आलं. घसरगुंडी! लोक हसले. विमावाले लाल झाले.

"व्यायाम नाही केला तर माणूस पलंगावर पडणार—"

दोनच वाटा!

"सगळ्या चांगल्या इमारतींत आता—" दंतवैद्यांनी सुरुवात केली.

सगळे करतात म्हणून! क्रमांक सहा. पुन्हा हशा. दाराशी बाईसुद्धा हसल्या. इथवर एकही कार्ड चुकलं नव्हतं. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की आपण अंगठा उठवणारा माणूस कधी नव्हतोच, मधली साठ वर्षं कोणीतरी दुसराच जगला.

मग तिकीट तपासनीस उठले. "माझं मत वर्गाला. बाईंसारख्या शिकलेल्या, अनुभवी व्यक्तीने वर्ग हवा म्हटलं, म्हणजे तो हवाच."

खरं तर इथे मास्तरांनी टाळी वाजवायची. पण न्याय म्हणजे न्याय. हात पाचव्या खिशात गेला.

"हे काय?" तपासनीस म्हणाले.

"मोठ्याचं नाव पुढे करणं. बाई हुशार आहेत, पण म्हणून—"

"मी तुमच्या बाजूने बोलतोय!"

"दोषाला बाजू नसते," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी घरी आरशासमोर तयार केलं होतं.

तपासनीस सावकाश खाली बसले. विनातिकीट पकडलेला माणूस बसतो तसे. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या की वर्ग सुरू झाल्यापासून त्यांच्या दारापुढच्या चपला चोरीला गेलेल्या नाहीत, म्हणून वर्ग राहू द्या. त्यांना चौथं कार्ड मिळालं. मावशींना कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं कार्ड म्हणजे बक्षीस आहे. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं आणि मास्तरांकडे बघून गोड हसल्या.

मग बाई म्हणाल्या, "आमच्या वर्गातल्या ताईंना दोन शब्द बोलायचे आहेत. त्या सभासद नाहीत, पण परवानगी असेल तर." चिटणिसांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि परवानगी दिली.

ताई कधी सभेत बोललेली नव्हती. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "माझी आई आजारी होती," ती म्हणाली. "दवाखान्यातून दोन बाटल्या दिल्या. सारख्या दिसणाऱ्या. एक पोटात घ्यायची, एक वरून लावायची. आधी मी शेजारणीला विचारायचे. त्या दिवशी ती घरात नव्हती. मी स्वतः वाचलं. अक्षर लावून लावून वाचलं. तोपर्यंत आई चमचा पुढे करून बसलेली. माझ्या हातात होती ती बाटली लावायची होती. मी—" इथे तिचा आवाज कापला. डोळे भरले.

विमावाल्यांनी खाली बघितलं.

आणि मास्तरांचा हात आठव्या खिशात गेला.

त्यांनी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. हात कधी गेला हे खरंच कळलं नव्हतं. तीन दिवस सवय केलेली होती: आवाज कापला, आठ. डोळे भरले, आठ. कार्ड वर झालं तेव्हा मात्र ते पुरते जागे होते, आणि त्यांनी ते खाली घेतलं नाही.

ताई थांबली. तिने पुढे वाकून कार्ड बघितलं. मग बाई वर्गात वाचायला लावत तसं, मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचलं:

"भा… व… ने… ला… हा… त… घा… ल… णं."

वाचून झाल्यावर तिने मास्तरांकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि भिंतीशी जाऊन बसली.

यावर कोणीच हसलं नाही. चिटणीस खाकरले आणि म्हणाले, "मतदान घेऊ. खोली व्यायामाला द्यावी, असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करावेत." मास्तर पहिल्या रांगेत असल्यामुळे त्यांना मागचं दिसत नव्हतं. चिटणिसांनी पेनाने हवेत टिचक्या मारत मोजलं.

"सहा. ठराव मंजूर."

"पुन्हा मोजा," मास्तर ओरडले. "चार असायला हवेत!"

"पुनर्मोजणीचा अधिकार सभासदांना आहे. तुमच्या घराचा कागद तुमच्या पत्नीच्या नावावर आहे. त्या सभासद. त्यांची मागणी आहे का?"

मास्तर मागे वळले. सहा हात वर होते. एक तपासनिसांचा. आणि शेवटच्या रांगेत, कोपरापासून सरळ, अजिबात न थरथरणारा, बायकोचा.

"माझी मागणी नाही," ती म्हणाली.

घरी आल्यावर मास्तरांनी जाकीट काढलंसुद्धा नाही. तसेच बसले. बायको गहू निवडत होती.

"तू? तू हात वर केलास?"

"केला."

"का पण?"

"तुम्हाला चार अक्षरं शिकवली तर तुम्ही त्या ताईला भर सभेत खाली बसवलंत. शिकून माणसं अशी होत असतील तर ती खोली बंद झालेलीच बरी."

आता हे वाक्य तर्काच्या दृष्टीने अगदी सदोष होतं. एका माणसावरून सगळ्यांचा निष्कर्ष. घाईचा निष्कर्ष, क्रमांक सात. इतका शुद्ध नमुना बाईंच्या कागदावरही नव्हता. मास्तरांना तो दिसला, पूर्ण दिसला. पण तो एक माणूस ते स्वतः होते. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला आणि बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या जिन्याने जाऊ-येऊ लागले, कारण पुढच्या जिन्याखाली ताईचं टेबल. मागचा जिना कचऱ्याच्या डब्यांजवळ उतरतो. तिथे तिसऱ्याच दिवशी त्यांना विमावाल्यांनी गाठलं. "मास्तर, बरे भेटलात! यंत्र खाली न्यायचंय, पुढच्या जिन्यात वळत नाही. जरा धरता?" नाही म्हणायला तोंड उरलेलं नव्हतं. मास्तरांनी एक बाजू धरली. यंत्र वळणावर अडकलं, तेव्हा मास्तर आणि भिंत यांच्यामध्ये एक वीतही राहिली नाही, आणि तेवढ्यात विमावाले मनापासून म्हणाले, "खरं सांगू? त्या ताई बोलल्या ना, तेव्हा मी अर्ज मागे घेणार होतो. पण तुम्हीच कार्ड काढलंत. म्हटलं, ज्यांचा वर्ग त्यांनाच पटत नसेल तर आपण कशाला मध्ये पडा?"

मास्तरांनी स्वतःच्या हाताने ते यंत्र फळ्यासमोर नेऊन ठेवलं.

तिथून ते थेट बाईंकडे गेले, कागद परत करायला. बाईंनी कागद हातात घेतला. "मागची बाजू वाचलीत?"

"मागे पण आहे?"

बाईंनी कागद उलटा करून समोर धरला. चार ओळी होत्या. मास्तरांनी वाचल्या. कोणाच्या बोलण्यात दोष सापडला, म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. आणि आवाज कापला, डोळे भरले, म्हणून लगेच दोष ठरत नाही. माणूस स्वतः अनुभवलेली गोष्ट सांगत असेल आणि ती मुद्द्याला धरून असेल, तर तो पुरावा असतो.

"इथे वाचायला शिकून काय होतं, हा सभेचा मुद्दा होता," बाई म्हणाल्या. "आणि ती तेच सांगत होती. सगळ्या सभेत एक तिचाच मुद्दा भक्कम होता, मास्तर. तुम्ही आयुष्यभर कापड आधी उलटून बघता. कागद नाही बघितलात?"

मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात असं कोणी बोललं नव्हतं. पोटवालासुद्धा नाही.

चिटणिसांकडे गेले तर तिथे वेगळंच. "झालेला ठराव सहा महिने उघडता येत नाही. नियम एकोणीस. मात्र सभेत कोणी गैरवर्तन करून बोलणाऱ्याला अडवलं असेल, तर पंधरा दिवसांत लेखी तक्रार देता येते. मग सभा पुन्हा."

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"गैरवर्तन करणाऱ्याविरुद्ध."

"म्हणजे माझ्याविरुद्ध."

"हो. आणि ती तुम्हाला देता येणार नाही. सभासदाने द्यायची. खाली, जिला अडवलं तिची सही."

दुसऱ्या सभासदाचं दार वाजवायची सोय मास्तरांना उरलेली नव्हती. म्हणजे मास्तरांविरुद्ध तक्रार मास्तरांच्या बायकोने द्यायची, आणि ती लिहून कोण देणार, तर मास्तर. असा नियम कोणी केला हे मास्तरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं की नियम करणाऱ्यालाही बायको होती.

त्यांनी दोन दिवस खपून मजकूर लिहिला, तक्रार आणि तिच्यातच स्वतःची कबुली. पानभर झाला. तो घेऊन ते पुढच्या जिन्याने उतरले आणि टेबलासमोर उभे राहिले. ताई एका सदऱ्याची कॉलर दाबत होती. ती झाली, बाह्या झाल्या, पाठ झाली. मग तिने हात पुसून कागद घेतला आणि वाचू लागली. वाटेने येणारे-जाणारे थांबू लागले.

"'मी चुकलो,'" तिने वाचलं. "पुढे 'पण' लिहिलंय."

"हो, ते म्हणजे माझा हेतू—"

"'पण'च्या पुढचं काढा."

मास्तरांनी तिथेच पेन काढलं आणि अकरा ओळींवर काट मारली. खाली अजून एक 'तथापि' होतं. तेही गेलं. 'वास्तविक पाहता' गेलं. शेवटी पानावर अडीच ओळी उरल्या. ताईने त्यांच्याखाली सावकाश, ठळक सही केली, कागद परत दिला आणि पुढचा सदरा ओढला. बायकोने वर एका झटक्यात सही केली. लग्नाच्या नोंदणीच्या दिवशीसुद्धा तिने इतक्या उत्साहाने केली नव्हती.

सभा पुन्हा झाली. मास्तर शेवटच्या रांगेत बसले, साध्या सदऱ्यात. त्याला एकच खिसा होता आणि तोही रिकामा. सुरुवातीला चिटणिसांनी तक्रार मोठ्याने वाचली, आणि नियमाप्रमाणे गैरवर्तन करणाऱ्याला उभं राहून 'मान्य' म्हणावं लागलं. मावशींना ऐकू आलं नाही, म्हणून दोनदा. मग ताई बोलली. ती बाटल्यांची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्येच तिचा आवाज कापला, तेव्हा आख्ख्या खोलीने मागे वळून मास्तरांच्या हातांकडे बघितलं.

वर्गाच्या बाजूने आठ हात वर झाले. विमावाल्यांचा त्यांत होता. त्यांच्या यंत्रासाठी खोलीचा एक कोपरा द्यावा, सकाळपुरता, असंही ठरलं.

माणसं पांगली. ताई बाक भिंतीकडून मधे ओढत होती. मास्तरांनी दुसरं टोक धरलं.

"झालं मग," ते म्हणाले. "आता माफ केलंस ना ताई?"

"खोली मिळाली," ती म्हणाली.

"हो, पण खोली मिळाली म्हणजे—"

"म्हणजे खोली मिळाली, मास्तर."

मास्तरांनी पुष्कळ विचार केला. तिच्या बोलण्यात काहीही दोष नव्हता. त्यांनी बाक खाली ठेवला आणि पुढचा आणायला गेले.